खोलीत पोरगी बसलीय

“उतर. आणि आज मान खाली घालून चालायचं नाही,” गाडी बंद करता करता आत्तीनं बजावलं.

मी उतरले. हातात स्ट्रायकरची डबी होती आणि तळव्याला असा घाम सुटला होता, की ती दोनदा निसटता निसटता राहिली. समोर रिव्हरसाइड क्लबचा लांबलचक व्हरांडा, त्यात वेताच्या खुर्च्या आणि खुर्च्यांमध्ये नेहमीची मंडळी. आम्ही पायऱ्या चढू लागलो तशा त्यांच्या गप्पा मंदावल्या. दाराशी टेबल टाकून बसलेल्या शिपायानं पाहुण्यांची चिठ्ठी पुढं केली. आत्तीनं माझं नाव लिहिलं, वयाच्या जागी सतराचा आकडा चांगला ठळक काढला आणि खाली झोकात सही केली.

“मॅडम, कुठल्या खोलीत बसणार ते पण लिवायचं असतंय,” शिपाई चाचरत म्हणाला.

“लिहिते की,” म्हणत आत्तीनं लिहिलं, कॅरमची खोली.

शिपायानं ते वाचलं, आमच्याकडं एकदा पाहिलं आणि चिठ्ठी घाईघाईनं पेपरवेटखाली सरकवली. आपण वाचलंच नाही असं त्याला उद्या म्हणायचं असणार.

आमच्या सांगलीकडं आत्याला आत्ती म्हणतात. माझी आत्ती म्हणजे डॉक्टर रत्नप्रभा मगदूम. गावभागात तिचा बाळंतपणाचा दवाखाना होता आणि व्हरांड्यात बसलेल्यांपैकी निम्म्यांची पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं कुणी विचारलं की ती त्या माणसाचा रक्तदाब तपासायला घ्यायची आणि तो हमखास वाढलेला निघायचा. नवऱ्याच्या नावावर नव्हे तर स्वतःच्या नावावर क्लबची सभासद झालेली ती पहिली बाई. मी अकरा वर्षांची असल्यापासून तिची पाहुणी म्हणून तिथं कॅरम खेळायला जात होते.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. मी बारावीत होते आणि जिल्ह्याच्या कॅरम संघाची निवड महिन्यावर आली होती. घरचा आमचा बोर्ड दर पावसाळ्यात फुगायचा. त्यावर सोडलेली सोंगटी सरळ जाईल याची खात्री तो बनवणाऱ्यानंही दिली नसती. निवडीला लागतो तसा जाड, घोटीव, पाण्यासारखा सपाट बोर्ड आख्ख्या गावात एकच होता, क्लबातला. तो मिळाला नाही तर निवड विसरायची, इतकं ते सरळ होतं.

आणि तो मिळत नव्हता. क्लबाचा परमिट रूम पूर्वी मागं, मुदपाकखान्याला चिकटून होता. तिथं उकडायचं, कांदा तळल्याचा वास यायचा. कॅरमची खोली मात्र पुढं, नदीच्या अंगाला, चारही खिडक्यांतून वारा. तिथं संध्याकाळभर आम्हा पोरांचा कालवा चालायचा. गेल्या महिन्यात कमिटीनं ठराव केला आणि परमिट रूम उचलून कॅरमच्या खोलीत आणला. कपाटं आली, उंच काउंटर आला, बाटल्या आल्या. आमचा बोर्ड कोपऱ्यात गेला आणि त्यावर चादर टाकून सोड्याचे क्रेट रचले गेले. पोरं आपोआप यायची बंद झाली. कुणी कुणाला हाकललं नाही. दारू असलेल्या खोलीत आपली पोरं कोण पाठवणार? मुलींचं तर नावच नको.

बाबांनीही तेच म्हटलं होतं. “रत्ना, अगं जैनाघरची पोर ती. दारूच्या खोलीत बसवणार तू तिला? उद्या गाव काय म्हणेल?”

“ती दारूच्या खोलीत गेलेली नाही, दादा,” आत्ती म्हणाली. “दारू तिच्या खोलीत आलीय.”

आत्तीपुढं बाबांचं कधीच काही चालायचं नाही. त्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला.

कॅरमच्या खोलीत पाऊल टाकलं तर काउंटरमागं गौसचाचा ग्लास पुसत उभे होते. पूर्वी ते आम्हाला लिंबू सरबत द्यायचे. मला बघून त्यांचा चेहरा आधी खुलला आणि लगेच पडला.

“मॅडम, हितं आता बार हाय न्हवं.”

“दिसतंय मला, गौसभाई. ते क्रेट जरा खाली घ्या. पद्माला खेळायचंय.”

खोलीत चार टेबलांवर माणसं बसली होती. सगळे ओळखीचे, सगळे काका. डाव्या टेबलावरच्या देशिंगकरकाकांच्या घरी मी मागच्याच दिवाळीत फराळाला गेले होते. त्यांनी पेपर उघडला आणि तोंडासमोर धरला. मी मात्र सांगितल्याप्रमाणं मान वर ठेवली होती, त्यामुळं भिंतीवरची नवीकोरी पाटी मला नीट वाचता आली. पिवळ्यावर काळी, पेंटरनं चांगली वळणदार रंगवलेली:

‘एकवीस वर्षांखालील कोणीही व्यक्ती या खोलीत उपस्थित असेपर्यंत येथे मद्य दिले जाणार नाही. हुकुमावरून, मानद सचिव.’

आत्तीनं मला त्या पाटीच्या बरोबर खालच्या खुर्चीवर बसवलं.

गौसचाचांनी क्रेट उतरवले. मी चादर काढली, बोर्ड पुसला, पावडर टाकली. एवढ्यात उजव्या टेबलावरून आवाज आला, “गौस, आमचं रिपीट कर.”

गौसचाचा बाटलीला हात घालणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर आली. मग पाटीवर गेली. मग पुन्हा माझ्यावर आली. बाटली जागच्या जागी राहिली.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “खोलीत पोरगी बसलीय.”

आत्ती काय करायला आली होती ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, आम्ही खेळायला आलोय.

आत्ती माझ्यासमोर बसली, सोंगट्या लावल्या आणि म्हणाली, “फोड.” मी फोडलं. माणसं रिकाम्या ग्लासांकडं बघत बसली होती. एकानं खाकरून बघितलं. दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. मग कुणीतरी उठून आत गेलं आणि नानासाहेबांना घेऊन आलं.

नानासाहेब खराडे क्लबाचे अध्यक्ष. बेदाण्याचे मोठे व्यापारी, मोठा देह, मोठा आवाज, आणि परमिट रूम पुढं आणायची कल्पना त्यांचीच. ते थेट आमच्या बोर्डाशी येऊन उभे राहिले. त्यांची सावली बरोबर राणीवर पडली.

“डॉक्टरीणबाई, हे काय काढलंयसा? पोरीला कशाला आणलंयसा हितं?”

“कॅरमच्या खोलीत कॅरम खेळायला. नानासाहेब, जरा उजेडातून सरका.”

“अहो, ही काय पोरीबाळींनी बसायची जागा हाय का?”

“सहा वर्षं बसतीय ती इथं. तुम्ही गेल्या महिन्यात आलात.”

पेपराआडून देशिंगकरकाका हसले असावेत, कारण पेपर हलला. नानासाहेबांचे कान लाल झाले. ते वळून गरजले, “बर्वेऽऽ! बर्वेंना बोलवा!”

बर्वे वकील क्लबाचे मानद सचिव. बारीक चणीचे, कायम पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. दारूचा थेंब त्यांनी आयुष्यात घेतला नव्हता. त्यांना नशा होती ती नियमांची. टेनिस कोर्टावर पांढऱ्याशिवाय दुसरे बूट चालत नाहीत म्हणून त्यांनी एकदा कलेक्टरला परत पाठवलं होतं. आम्ही पोरं त्यांना पाठीमागं ‘कलम बर्वे’ म्हणायचो. पाटी त्यांनीच लिहून रंगवून घेतली होती, परवान्याच्या अटींतून शब्द न शब्द उतरवून.

“सचिवसाहेब,” नानासाहेब म्हणाले, “ह्या पोरीला बाहेर काढा.”

बर्वेंनी चष्मा सारखा केला. “काढता येणार नाही.”

“म्हणजे?”

“कॅरमच्या खोलीत कुठल्याही वयाच्या पाहुण्याला सभासदाबरोबर येता येतं. हे आपल्या घटनेत आहे. घटना बदलायची तर वार्षिक सभा लागते. बार कुठं ठेवायचा हे कमिटी ठरवू शकते, तो तुम्ही इथं ठेवलात. पण खोलीत कोण येऊ शकतं, हे कमिटीच्या हातात नाही. मी त्या वेळी बैठकीत सांगितलं होतं.”

“आणि ही पाटी?”

“पाटी बरोबर आहे. ही मुलगी इथं असेपर्यंत दारू देता येत नाही. दिली तर परवाना जाईल.”

“अहो, पण ती पाटी पोरं येऊ नयेत म्हणून लावली होती!”

“तसं पाटीवर लिहिलेलं नाही,” बर्वे शांतपणे म्हणाले.

नानासाहेबांची चूक साधी होती. चांगल्या घरची पोर दारूच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, यावर त्यांचा पक्का भरवसा होता. सगळी व्यवस्था त्या एका भरवशावर उभी होती. आत्तीला तो भरवसा मोडायचा होता आणि त्यासाठी तिला एक चांगल्या घरची पोर पाहिजे होती. तिच्याकडं एक होती.

नानासाहेबांनी खुर्ची ओढली आणि आमच्या बोर्डाशी बसले. आवाज एकदम मऊ केला. “बरं, असं करूया की. पोरगी लई भारी खेळतीय म्हणतात. माझ्याशी एक बोर्ड खेळू दे. ती जिंकली तर बार मागं नेतो. मी जिंकलो तर पुन्हा हितं पाय ठेवायचा न्हाई. काय गं, हाय का हिंमत?”

खोलीत जान आली. खुर्च्या सरकल्या. माझ्या बोटांत वीज खेळायला लागली. नानासाहेबांचा खेळ मी पाहिलेला होता. राणीपाशी आले की त्यांचा अंगठा थरथरतो. एका फोडीत मी त्यांना पाणी पाजलं असतं.

“हाय की हिंमत,” मी म्हणाले.

“नाही,” आत्ती म्हणाली.

“आत्ती, मी हरवते त्यांना. डोळे झाकून हरवते!”

“हरवशील. मला माहीत आहे.” मग ती नानासाहेबांकडं वळली. “तुमच्या घराच्या दारावर पैज लावता का हो कधी? हरलो तर बाहेर झोपतो म्हणून? खोली तिची आहे. स्वतःच्या खोलीसाठी ती कशाला खेळेल?”

मला आत्तीचा भयंकर राग आला. इतकी सोपी जिंकायची संधी आणि हिनं ती उधळून लावली. मी स्ट्रायकर जोरात मारला आणि काळी सोंगटी बोर्डाबाहेर गेली. ती गौसचाचांनी उचलून आणून दिली.

त्यानंतर जे घडलं ते मात्र आत्तीच्या बेतात नव्हतं. फोन वाजला. दवाखान्यातून शोभासिस्टरचा. अंकलखोपची एक बाई सकाळपासून अडली होती आणि आता बाळाचे ठोके मंदावत होते. आत्ती ताडकन उठली, पर्स काखेत मारली.

“पद्मा, चल. ऊठ.”

“मी नाही येत.”

“अगं, सभासद गेला की पाहुण्यानं जायचं असतं. नियम आहे. उद्या परत येऊ.”

मी नानासाहेबांकडं पाहिलं. ते हसत होते. उद्या काहीतरी खुसपट काढून आम्हाला दारातच अडवतील, हे त्या हसण्यात स्पष्ट दिसत होतं. आज मी उठले की बाटल्या उघडणार आणि मग त्या खोलीत कुठलीही मुलगी पुन्हा कधी बसणार नव्हती. मी तर नाहीच.

“तू जा, आत्ती. बाई अडलीय तिकडं.”

“पद्मा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“तूच सांगितलंस, मान खाली घालायची नाही.”

तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तिकडं बाळ थांबणार नव्हतं. ती धावतच गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि फाटकाबाहेर विरून गेला. आता त्या खोलीत मी, बावीस-तेवीस पुरुष आणि एक कॅरमबोर्ड.

“चला,” नानासाहेबांनी टाळी वाजवली. “सचिवसाहेब, आता काय म्हणतीय तुमची घटना?”

बर्वे माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. “पद्मा, डॉक्टर गेल्या. नियमानं तुला उठावं लागेल.”

मी स्ट्रायकर खाली ठेवला. “उठते. पण दुसऱ्या सभासदानं मला पाहुणी म्हणून घेतलं तर?”

“तर बसता येईल. तशी तरतूद आहे.”

मी उभी राहिले. एक हात बोर्डावर ठेवला. आणि आख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, “इथं मला कुणी पाहुणी म्हणून घेतं का?”

मी एकेकाकडं पाहत गेले. देशिंगकरकाका, ज्यांची जुळी मुलं आत्तीनं दोन रात्री जागून वाचवली होती, त्यांनी पेपराचं पान उलटलं. शाळेत मला गणित शिकवलेले सर होते, ते बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या पायात चपला होत्या. बाबांचे एक मित्र खिडकीतून नदी बघायला लागले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देणार नव्हते. मनात म्हटलं, बघा सगळ्यांनी नीट, चांगल्या घरची पोर अशी दिसते.

“झालं समाधान?” नानासाहेब म्हणाले. “गौस, ओत. सगळ्यांना माझ्याकडनं.”

गौसचाचा जागचे हलले नाहीत. “साहेब, ती अजून खोलीत हाय.”

“निघालीय ती.”

“निघालेली नाही,” बर्वे म्हणाले.

“अहो, दाराशी जाईतोवर काय घड्याळ लावून बसायचं का? ओत म्हणतो ना! का उद्यापासनं घरी बसायचंय?”

गौसचाचांनी बाटली उघडली. एक ग्लास भरला आणि नानासाहेबांनी तो उचलला.

बर्वे पुढं झाले. नानासाहेबांपुढं ते जेमतेम खांद्याला लागत. त्यांनी ग्लास नानासाहेबांच्या हातातून काढून घेतला, खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या कर्दळीत ओतला. मग खिशातून रुमाल काढला, बोटं एकेक करून पुसली, रुमालाची घडी घालून तो परत खिशात ठेवला.

“शिपायाला म्हणावं, मघाची चिठ्ठी घेऊन ये.”

चिठ्ठी आली. बर्वेंनी पेन उघडलं, आत्तीच्या सहीवर पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ मारली आणि खाली स्वतःची सही केली.

“ही माझी पाहुणी,” ते म्हणाले. “मी क्लब बंद होईपर्यंत बसणार आहे. गौस, दोन लिंबू सरबत आण. मीठ कमी.”

“बर्वे, सचिवपद जाईल तुमचं!”

“वार्षिक सभेत. बहुमतानं. आणि महिनाभर आधी नोटीस देऊन,” बर्वे म्हणाले आणि आत्तीच्या खुर्चीवर येऊन बसले.

नानासाहेब पाय आपटत निघून गेले आणि त्यांच्यामागं दोघंतिघं गेले. बाकीचे मात्र राहिले. थोड्या वेळानं देशिंगकरकाकांनीही सरबत मागवलं. मी त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती माफी मागायची पद्धत असेल तर असो, मी ती घेतली नाही. आजही घेतलेली नाही.

बर्वेंइतकं वाईट कॅरम खेळणारा माणूस मी पुढं जिल्ह्यात आणि राज्यात खेळतानाही पाहिला नाही. ते अंगठ्यानं मारायचे आणि प्रत्येक वेळी स्ट्रायकर भोकात घालायचे. पण दंडाची सोंगटी न चुकता, मी न सांगता, परत बोर्डावर ठेवायचे. दुसऱ्या बोर्डाच्या वेळी ते खाली मान घालून एकदम म्हणाले, “तुझ्या आत्याला मी तीन वर्षं व्हरांड्यात बसवलं होतं.”

“काय?”

“सांगितलं नाही तिनं? बायकांनी आतल्या खोल्यांत यायचं तर नवऱ्याबरोबर, असा नियम होता. सभासद झाली, पण नवरा नाही. म्हणून ती रोज यायची, व्हरांड्यात बसायची, एक चहा घ्यायची आणि जायची. पावसात झड आत यायची, तरी ती खुर्ची मागं घ्यायची नाही. या खोलीचं दार तिच्या पाठीशी असायचं. मी तेव्हाही सचिव होतो. एक दिवस मी तिला म्हणालो, डॉक्टर, आत बसा, मी बघितलं नाही असं समजतो. तर म्हणाली, तुम्ही बघत असताना बसेन.”

माझा स्ट्रायकर हातातच राहिला.

“मग?”

“मग सभेत नियम बदलला. तिच्या एका मतानं. सभेतून उठून दार मीच उघडलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण तीन वर्षं बसवलं होतं, हे खरंच. मार ना, तुझी पाळी आहे.”

मी मारलं. राणी गेली आणि पाठोपाठ कव्हरही गेलं. मला बोर्ड धूसर दिसत होता तरी गेलं.

आत्ती परतली तेव्हा क्लब बंद व्हायला थोडा अवकाश होता. साडीच्या निऱ्या खोचलेल्या, केस विस्कटलेले, अंगाला डेटॉलचा वास. ती जवळजवळ पळतच खोलीत शिरली. मला घरी नेऊन सोडलं असेल किंवा मी कुठंतरी पायरीवर रडत बसले असेन, असं तिला वाटत असणार. दारातच ती थबकली. काउंटरवर बाटल्या जशाच्या तशा बंद होत्या. टेबलांवर सरबताचे ग्लास होते. आणि तिच्या खुर्चीवर बर्वे वकील बसून अंगठ्यानं नेम धरत होते.

“काय झालं हो?” बर्वेंनी नेम न हलवता विचारलं.

“मुलगी,” आत्ती म्हणाली. अजून तिला धाप लागली होती. “दोघी ठणठणीत.”

“म्हणजे गावात आणखी एक अल्पवयीन,” बर्वे म्हणाले आणि स्ट्रायकर भोकात घातला.

आत्ती हसली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, बर्वेंकडं पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून दिवसभराचा ताण उतरत गेला आणि ती फार दमलेली दिसायला लागली. तिनं हात पुढं केला.

“शाब्बास. चल आता, ऊठ. दादा जेवायचे थांबले असतील. घरी जाऊया.”

“तू जा, आत्ती,” मी म्हणाले. “आज मी तुझी पाहुणी नाही.”

आत्तीचा हात तसाच राहिला. मला वाटलं, आता चांगलीच बोलणी बसणार. पण तिनं शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, निऱ्या सोडून नीट केल्या आणि बोर्डाच्या तिसऱ्या बाजूला येऊन बसली.

“गौसभाई,” तिनं हाक मारली, “मला पण एक सरबत. आणि बर्वे, तुमच्या पाहुणीला विचारा, मला घेते का खेळायला.”